न बोलणाऱ्या रुग्णाचा आवाज

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक-मित्रांनी यंदा एक प्रेमळ अट घातली : ‘ताप, जुलाब आणि लसीकरण सोडून काहीही लिहा.’ तीस वर्षे ज्याने याच तीन विषयांवर पालकांचे समुपदेशन केले, त्या बालरोगतज्ज्ञाकडे मग उरते ते काय? उरते एक जुने वेड. माझ्या परिचितांपैकी अनेकांना ते ठाऊक आहे आणि माझ्या घरच्यांनी ते मोठ्या मनाने सोसले आहे. वेगवान गाड्यांच्या इंजिनांचे आवाज ऐकणे आणि ते कुठून येतात याचा छडा लावणे, हे ते वेड. त्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिल्या दृष्टीस हा विषय आपल्या व्यवसायाशी फटकून वाटेल. परंतु विचार केल्यास बालरोगतज्ज्ञाइतकी या कामाची पूर्वतयारी दुसऱ्या कोणाची झालेली नसते. आमचा रुग्ण बोलत नाही. त्याचा वृत्तान्त सांगणारी आई किंवा आजी आपापल्या शब्दांत सांगते : ‘छातीत घरघरतंय’, ‘रात्री शिट्टी वाजते’. घरघर म्हणजे नाकातला कफ की श्वासनलिकांचे आकुंचन, हे ठरवणे आमचे काम. गाडीचा मालकही नेमके हेच करतो. तो गॅरेजमध्ये येऊन ‘टकटक’, ‘खडखड’, ‘घूं घूं’ असे शब्द वापरतो आणि मिस्त्रीने त्यांतून भाग ओळखावा, अशी अपेक्षा धरतो.

आपल्या वडोदऱ्याला यंत्रांचे वावडे कधीच नव्हते. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० मध्ये, येथे कलाभवन सुरू झाले आणि कारागिरीचे रीतसर शिक्षण देण्याची परंपरा पडली. पुढे कोयालीला तेलशुद्धीकरण कारखाना आला, मकरपुऱ्यात औद्योगिक वसाहत वसली. १९९६ पासून २०१७ पर्यंत हालोलला जनरल मोटर्सच्या मोटारी बनत होत्या. त्याच जागेत आता एमजीच्या बनतात. त्यामुळे आधुनिक इंजिन उघडून पाहिलेली माणसे या शहरात गल्लोगल्ली सापडतात. आणि अहमदाबादकडे जाणारा द्रुतगती मार्ग झाल्यापासून वेगवान गाडी घेण्यास निमित्तही मिळाले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता प्रत्यक्ष रुग्णाकडे वळू. माझे एक भूलतज्ज्ञ स्नेही आहेत. त्यांच्याकडे टर्बोचार्जर बसवलेली, सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणारी, साधारण बारा वर्षांची एक जोरकस सेडान आहे. गाडीचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. भूलतज्ज्ञाचे कान तिखट असतात. ऑक्सिमीटरचा स्वर एक पायरी उतरला तरी न पाहता त्यांची मान वळते. त्यांनीच प्रथम सांगितले, की सकाळी गाडी सुरू करताच पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज येतो, दोन सेकंद टिकतो आणि जातो. दिवसभर पुन्हा काही नाही. गाडी पूर्वीसारखीच पळते, समोरच्या फलकावर एकही दिवा पेटत नाही. मात्र दीड महिन्यात एका सेकंदाचा आवाज दोन-अडीच सेकंदांचा झाला होता.

त्यांनी तीन ठिकाणी विचारणा केली आणि तीन मते मिळाली. पहिल्याने टर्बो गेला म्हणून तो बदलण्याचा खर्च लिहून दिला; आकडा असा, की त्यात एक लहान गाडी यावी. दुसऱ्याने पेट्रोलला दोष देऊन टाकीत ओतायची एक बाटली विकली. तिसऱ्याने ‘या गाड्यांना एवढं चालतंच’ म्हणून निरोप दिला. इकडे पुढच्या आठवड्यात वृद्ध मातोश्रींना घेऊन पुण्यास जाण्याचा त्यांचा बेत पक्का झालेला. जावे की न जावे, एवढाच प्रश्न घेऊन ते माझ्याकडे आले.

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. इंजिनाच्या आवाजाला तीन प्रश्न विचारायचे असतात : थंड की गरम? वेगाबरोबर बदलतो की नाही? भार पडल्यावर काय होते? या तीन उत्तरांत निम्म्याहून अधिक निदान दडलेले असते. एखादा आवाज थंड इंजिनात येऊन गरम झाल्यावर हळूहळू विरत असेल, तर धातूच्या प्रसरणाशी त्याचा संबंध असण्याचा संभव मोठा. झिजलेला पिस्टन थंडीत सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो आणि तापून फुगला की शांत होतो. एक्झॉस्टच्या जोडातली बारीक फटही अशीच टकटकते आणि तापल्यावर बुजते. याउलट, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका बहुधा गरम झाल्यावर वाढतो, कारण ऑइल पातळ होऊन बेअरिंगमधला पडदा क्षीण होतो. हा ठोका जड, खोल, दाराबाहेरून मूठ आपटल्यासारखा असतो आणि भार बदलताना, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबताना वा सोडताना, उघडा पडतो. तो ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही. त्यानंतर इंजिन बंद करून गाडी ओढून नेणे, एवढेच शहाणपण उरते.

आमच्या रुग्णाचा आवाज मात्र यांपैकी कशातच बसत नव्हता. तो तापमानाबरोबर हळूहळू विरत नव्हता. दोन सेकंदांत तुटल्यासारखा थांबत होता. दोन सेकंदांत लोखंड तापत नाही. मग तेवढ्या वेळात इंजिनात बदलते काय? ऑइलचा दाब. बंद इंजिनात तो शून्य असतो आणि सुरू केल्यावर पंप एक-दोन सेकंदांत तो उभा करतो. म्हणजे, ऑइलच्या दाबावर जे तग धरते असे काहीतरी त्या पहिल्या दोन सेकंदांत सैल राहत होते. दुपारी आवाज का येत नाही, याचेही उत्तर यातच होते : तास-दोन तास उभ्या गाडीतून ऑइल पुरते निथळलेले नसते.

दुसरा उपयुक्त हिशेब गतीचा. चार फेऱ्यांच्या, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन वेढे झाले की झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक वेढा होतो. इंजिन मिनिटाला ८४० वेढ्यांनी संथ चालत असेल, तर क्रँक सेकंदाला १४ वेळा फिरतो आणि कॅम ७ वेळा. म्हणून एखाद्या झडपेची टकटक सेकंदाला सातच्या लयीत येईल, क्रँकबरोबर फिरणाऱ्या भागांची चौदाच्या आणि चार सिलिंडरांच्या स्फोटांची अठ्ठावीसच्या. नवजात बालकाचे मिनिटाला दीडशे ठोके मोजणाऱ्या कानालाही सेकंदाला सात मोजता येत नाहीत. परंतु मंद आणि जलद लय एकमेकींशी पडताळून पाहता येते. हल्ली भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण करून त्याचा वर्णपट काढणारी साधने मिळतात. आवाजातल्या वेगवेगळ्या लयींचे सुळके त्यावर वेगळे दिसतात. आमच्या रुग्णाच्या बाबतीत मात्र या साधनाचा उपयोग उलट अंगाने झाला. वर्णपटात एकही स्वच्छ सुळका नव्हता, नुसता पसरट गोंधळ होता. ठरावीक लयीत ठोकणाऱ्या भागाचे हे लक्षण नव्हे. सैल, लांब आणि वाटेल तिथे आपटणाऱ्या वस्तूचे होते.

आता जागा शोधणे आले. रेने लेनेक यांनी १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात कागदाची गुंडाळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला, हे आपण सर्व जाणतो. आज ते रुग्णालय बालरुग्णांसाठी ख्यातकीर्त आहे, याचा एका बालरोगतज्ज्ञाला उगाचच अभिमान वाटतो. मिस्त्रींचा स्टेथोस्कोप याच वंशातला, फक्त पडद्याच्या जागी त्याला पोलादी सळई असते. तो नसेल तर लांब पेचकसाचे टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवली तरी चालते. आवाज धातूतून वाहत जातो. म्हणून हवेतून ऐकताना जो सर्वत्र पसरल्यासारखा वाटतो, तो सळईतून एका जागी लख्ख मोठा होतो. पट्टे आणि पंखे यांपासून हात, बाह्या व ओढणी दूर ठेवणे, ही या तपासणीची पहिली अट आहे, हे सांगून ठेवतो.

मकरपुऱ्यातल्या ज्या गॅरेजमध्ये माझी उठबस आहे, तेथील मिस्त्रींना मी फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच वाक्य बोलले, ‘‘साहेब, गाडी रात्रे अहीं मूकी जाओ, सवारे सांभळीशुं.’’ जो आवाज फक्त सकाळी येतो तो ऐकण्यासाठी रुग्णाला रात्रभर दाखल करून घ्यावे, हे पहिल्या तिघांपैकी एकालाही सुचले नव्हते. तिघांनीही गाडी गरम असताना पाहून मत दिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही तिघे इंजिनाभोवती उभे राहिलो. एकाने किल्ली फिरवायची, मी एका टोकाला सळई लावायची, मिस्त्रींनी दुसऱ्या. पहिला आवाज पुन्हा मिळणार नाही, हे ठाऊक असल्यामुळे शस्त्रक्रियेआधी असते तशी शांतता होती. आवाज आला, आणि तो निःसंशय टायमिंग चेनच्या झाकणाखाली होता. गिअरबॉक्सच्या टोकाशी जवळजवळ काहीच नव्हते. टर्बोच्या अंगाशी तर नव्हतेच. वास्तविक टर्बोवर शंका घेण्याचे कारणच नव्हते. त्याचा दांडा मिनिटाला लाख-दीड लाख आणि त्याहूनही अधिक वेढे घेतो; तो बिघडला तर भार पडताना चढत जाणारी किंकाळी ऐकू येते, निळा धूर दिसतो, ताकद कमी होते. पार्किंगमध्ये दोन सेकंद खडखडून तो स्वस्थ बसत नाही.

इंजिन स्थिरावल्यावर वरच्या बाजूने एक बारीक, जलद, टंकलेखन यंत्रासारखी टिकटिक येत राहिली. स्नेह्यांनी घाबऱ्या चेहऱ्याने तिच्याकडे बोट दाखवले. ती इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरांची आणि उच्च दाबाच्या पंपाची होती; थेट फवारणीच्या प्रत्येक निरोगी इंजिनात ती असते. जॉर्ज स्टिल यांनी १९०९ साली निरोगी मुलांच्या हृदयात ऐकू येणाऱ्या एका निरुपद्रवी मर्मरध्वनीचे वर्णन केले आणि तेव्हापासून असंख्य मुलांचे खेळणे वाचले. ही टिकटिक तिचीच भावंड समजावी. निरुपद्रवी आवाज ओळखता येणे हे रोग ओळखण्याइतकेच महत्त्वाचे आहे. बाटल्या आणि अनावश्यक सुटे भाग विकले जातात ते बहुधा अशाच आवाजांच्या जोरावर.

टायमिंग चेन म्हणजे काय, हे आता सांगतो. क्रँक आणि कॅम यांना एका तालात बांधून ठेवणारी ही साखळी. ती ताणून धरण्यासाठी टेन्शनर नावाचा एक लहान दट्ट्या असतो. ऑइलचा दाब त्याला बाहेर ढकलतो आणि दाब नसताना त्याने मागे सरू नये म्हणून त्याला दातेरी खूण, म्हणजे रॅचेट, असते. साखळी प्लॅस्टिकच्या वाकड्या पट्ट्यांवरून, म्हणजे गाइडवरून, घसरत जाते. कालांतराने साखळीच्या पिना झिजतात आणि तिची लांबी किंचित वाढते; टेन्शनर ती सैलता भरून काढत राहतो. रॅचेटचे दाते झिजले किंवा साखळी त्याच्या आवाक्याबाहेर लांबली, की रात्री दट्ट्या मागे बसतो आणि सकाळी दाब येईपर्यंत साखळी गाइडवर व झाकणावर फटके मारते.

एवढे ऐकूनही मिस्त्रींनी झाकण उघडले नाही, हे मला विशेष आवडले. त्यांनी आधी मागच्या वेळी ऑइल कुठे बदलले, ते विचारले. उत्तर मिळाले : घाईत, महामार्गावरच्या एका दुकानात, तिथे मिळेल त्या फिल्टरसह. चांगल्या ऑइल फिल्टरमध्ये रबराची एक झडप असते. ती गाडी बंद असताना ऑइल खाली निथळू देत नाही. झडप निकामी असेल तर दाब यायला उशीर होतो आणि निरोगी टेन्शनरही क्षणभर सैल राहू शकतो. आवाज एकच, कारणे दोन. एक काही शे रुपयांचे, दुसरे काही हजारांचे. म्हणून प्रथम योग्य फिल्टर आणि योग्य दर्जाचे ऑइल घालून गाडी तीन रात्री तिथेच ठेवली. तिन्ही सकाळी आवाज जशास तसा होता. मग दाबमापक लावून ऑइलचा दाब पाहिला. तो उत्तम होता. त्यानंतर संगणक जोडून क्रँकच्या तुलनेत कॅम किती अंश ढळला आहे, ते वाचले. निर्मात्याने दिलेल्या मर्यादेच्या तो अगदी काठावर होता. काठ ओलांडला असता तर पी ००१६ नावाचा दोष नोंदला जाऊन दिवा पेटला असता. दिवा पेटलेला नाही म्हणजे रोग नाही, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. दिवा ताप मोजतो, कूर्मगतीने वाढणारा आजार मोजत नाही.

येथे प्रश्न केवळ आवाजाचा राहिला नाही. अशा इंजिनांत झडप आणि पिस्टन एकाच जागेत, पण वेगवेगळ्या वेळी येतात. साखळीने दोन-चार दाते ओलांडले की वेळ चुकते, पिस्टन उघड्या झडपांवर आदळतो, झडपा वाकतात आणि बहुधा सिलिंडर-हेडच हातचे जाते. भरधाव गाडीत हे घडले तर इंजिनाची ताकद तत्क्षणी संपते, स्टिअरिंग जड होते, ब्रेकला मिळणारी मदत काही दाबांनंतर संपते, आणि मागून ट्रक येत असतो. स्नेह्यांनी ‘मग हळू चालवत पुण्याला जाऊन येतो, आल्यावर करू’ असा तोडगा काढला. मी नाही म्हटले. त्यांना राग आला. दोन दिवस बोलले नाहीत. परंतु या आजारात हळू चालवण्याने संरक्षण मिळत नाही, कारण धोक्याचा मोठा क्षण वेगाचा नसून गाडी सुरू करण्याचा असतो. साखळी सैल असते ती तेव्हाच, आणि दात सुटण्याची संधीही तेव्हाच. घाटात उतारावर गाडी गिअरमध्ये टाकून उभी केली, तर इंजिन किंचित उलटे फिरून सैलता नको त्या बाजूला जाण्याची शक्यता असते. धक्का मारून सुरू करणे तर अशा गाडीस वर्ज्यच. अखेर मातोश्री रेल्वेने पुण्यास गेल्या.

झाकण उघडले तेव्हा रॅचेटचे दाते गोलसर झाले होते, गाइडच्या प्लॅस्टिकवर खोल चरे होते आणि त्याचा एक कपचा तळाशी पडला होता. नवी साखळी जुनीशेजारी उभी टांगली तेव्हा जुनी काही मिलिमीटर लांब भरली. एवढ्याशा लांबीवर इंजिनाचे भवितव्य अवलंबून होते! साखळी, टेन्शनर, गाइड आणि मजुरी मिळून जो खर्च आला, तो टर्बोसाठी लिहून दिलेल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी होता.

वेगवान म्हणून नावाजलेली गाडी अशा आजारांपासून मुक्त असते, असे कोणी समजू नये. पोर्श कंपनीच्या ९११ आणि बॉक्स्टर गाड्यांच्या एका पिढीत मधल्या दांड्याचे बेअरिंग अकाली निकामी होण्याचे प्रकार घडले. अमेरिकेत २००१ ते २००५ च्या मॉडेलांबाबत मालकांनी सामूहिक दावा लावला आणि २०१३ मध्ये त्यात तडजोड झाली. त्या आजारात आवाज बहुधा उशिरा येई. जाणकार मालक म्हणून जुना ऑइल फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उलगडून पाहत आणि चमकणारे लोहकण शोधत. आपल्या भाषेत बायॉप्सीच ती.

एक आवाज राहिला. त्याचा उल्लेख केला नाही तर विषय अपुरा राहील. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, चढावर अ‍ॅक्सिलरेटर खोल दाबल्यास काचेच्या गोट्या एकमेकींवर आपटाव्यात तसा बारीक खणखणाट ऐकू येतो. ती नॉकिंग. पेट्रोल ठिणगीने नियोजित रीतीने पेटण्याऐवजी दाबाने आपोआप भडकते. इंजिनावरचा सेन्सर ते ऐकून ठिणगीची वेळ मागे घेतो. म्हणजे त्यालाही कान आहेत. टर्बो आणि थेट फवारणीच्या इंजिनांत कमी वेगावर ठिणगीच्याही आधी होणारा स्फोट अधिक घातक असतो, त्याने पिस्टन तडकू शकतो. २०२० पासून लागू झालेल्या ‘एपीआय एसपी’ या ऑइलच्या दर्जात हा स्फोट रोखण्याची आणि टायमिंग चेनची झीज कमी राखण्याची, अशा दोन्ही चाचण्या अंतर्भूत आहेत. तेव्हा डब्यावरची ही अक्षरे वाचून घ्यावीत. अधिक ऑक्टेनचे पेट्रोल नॉकिंगला उतारा आहे. साखळीच्या खडखडाटाला त्याचा काडीमात्र उपयोग नाही.

आपणा डॉक्टरांच्या गाड्यांचा दिनक्रम इंजिनास विशेष जाचक असतो, हेही सांगितले पाहिजे. घर ते दवाखाना दोन-तीन किलोमीटर, दिवसातून चार वेळा. ऑइल पुरते तापतच नाही; न जळलेले पेट्रोल त्यात मिसळून ते पातळ होते, काजळी साठते, आणि काजळीयुक्त ऑइल साखळीच्या पिनांवर पॉलिश-कागदासारखे काम करते. पुस्तिकेत लिहिलेले अंतर महामार्गावर चालणाऱ्या गाडीसाठी असते. आपल्यासारख्यांनी ते निम्मे धरावे आणि अंतर पुरे झाले नाही तरी वर्षातून एकदा ऑइल व फिल्टर दोन्ही बदलावेत. शक्य असल्यास रविवारी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर सलग फिरवून आणावी. आणि महिन्यातून एकदा, सकाळी रेडिओ व एसी बंद ठेवून, खिडकीची काच खाली करून किल्ली फिरवावी व पहिले पाच सेकंद काही न करता नुसते ऐकावे. काही निराळे ऐकू आले तर तेवढ्याचे ध्वनिमुद्रण करून ठेवावे; गॅरेजपर्यंत पोहोचताच आवाज नाहीसा होण्याची खोड मुलांच्या खोकल्याप्रमाणे इंजिनांनाही असते.